चिकूचं एक गारेगार कमी

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलातला तिसरा शनिवार. खर्च एकशे साठ रुपये: चार किलोचं एक टरबूज साठ, किलोभर चिकू पन्नास, सब्जा वीस आणि लाकडी काड्यांचं पाकीट तीस. दही घरचंच होतं. हजर मी, माझी दहा वर्षांची मुलगी, शेजारची नऊ वर्षांची मुलगी आणि गल्लीतली आणखी पाच पोरं. बायको घरातच होती, पण फरशी पुसायला मी येणार नाही असं तिनं आधीच बजावलं होतं, म्हणून तिला धरत नाही. तयार झालेली गारेगार चोवीस: टरबुजाची बारा, चिकूची बारा.

मी आमच्या शिंगणापुरात दूध संकलन केंद्रावर काम करतो. सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ. दूध मोजायचं, फॅट काढायची, ज्याची त्याच्या नावावर मांडायची. गावात माझ्याबद्दल एवढंच बोललं जातं की याच्या मापात थेंब इकडचा तिकडे होत नाही. मला याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

गारेगारचा उद्योग दातांवरून सुरू झाला. फेब्रुवारीत राहुरीच्या दाताच्या डॉक्टरांनी माझ्या मुलीचं तोंड उघडून चार दाढा दाखवल्या. चारही किडलेल्या. शाळेबाहेर गाडीवर रंगीत गारेगार मिळतं, ते ती रोज खात होती. डॉक्टर म्हणाल्या, बर्फ खाऊ दे, पण त्यातली साखर आणि रंग बंद करा. मी विचारलं, घरी फळाचं केलं तर? चालेल म्हणाल्या, पण फळातली साखरही साखरच असते, तेव्हा दिवसाला एक आणि खाल्ल्यावर चूळ. मी ते कागदावर लिहून घेतलं आणि घरी येऊन फ्रीजवर चिकटवलं. दिवसाला एक. चूळ.

माझ्या मुलीनं एकटीनं फळाचं गारेगार खायचं आणि बाकीच्यांनी गाडीवरचं, हे जमण्यासारखं नव्हतं. म्हणून सगळ्या गल्लीचंच करायचं ठरवलं. दुपार मला मोकळीच असते आणि शनिवारी पोरांना शाळा अर्धी असते. आधी हात धुवायचे, साबणानं, कोपरापर्यंत. मग कामं वाटायची. टरबुजाच्या फोडी मी करायचो, बिया पोरं काढायची, पुरणयंत्रातून गर कोण फिरवणार यावर भांडण व्हायचं. सब्जा अर्धा तास आधी भिजत घालायचा, तो फुगून बेडकाच्या अंड्यांसारखा दिसला की पोरं किंचाळायची. चिकू पिकलेलेच घ्यायचे, सालीला दाबलं की बोट आत गेलं पाहिजे. सोलून, बिया काढून, हातानं कुस्करून त्यात दही. साखर नाही, गूळ नाही, मधही नाही. पोरांनी पहिल्यांदा तोंडं वाकडी केली. तिसऱ्या शनिवारी एकानंही साखर मागितली नाही. हे माझ्या हातून झालेलं एक चांगलं काम होतं, असं मला अजूनही वाटतं.

शेजारच्या मुलीचा चिकूत हात बसला होता. तिच्या आई-वडलांचं देवळाच्या रस्त्याला तेल, रुईच्या माळा, काळं कापड, फुटाणे-रेवड्या असं दुकान आहे. शनिवारी तिथं मान वर करायला फुरसत नसते. ही पोरगी घरी एकटी, म्हणजे आमच्याच घरी. आमच्याकडे घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावतो, तेवढीच. बाहेरगावची माणसं येऊन चौकटींचे फोटो काढतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. ज्या घरात जायचं तिथं सरळ जायचं, तहान लागली तर माठातलं पाणी घ्यायचं, कुणी असो नसो. ती मुलगी आमच्या स्वयंपाकघरात माझ्यापेक्षा जास्त वेळा शिरत असेल.

त्या शनिवारी तिनं एकटीनं किलोभर चिकू सोलले आणि कुस्करले. मिश्रण साच्यांत भरायला घेतलं आणि तिची आई रस्त्यावरून ओरडली, "ए, चल दुकानात! फुटाण्याच्या पुड्या बांधायला कोनी न्हाई!"

"आलेऽऽ!" ती ओरडली, पण हलेना. भरून झाल्यावर पातेलं चाटायचं असतं, आणि चिकूचं पातेलं म्हणजे काय ते पोरांनाच ठाऊक.

"जा, तुझं ठेवतो मी," मी म्हणालो.

ती हात पुसत पळाली. पातेलं दोन मिनिटांत चकाचक झालं. मी काय म्हणालो होतो ते माझ्या लक्षातही राहिलं नाही. काड्या खोचल्या, फ्रीझरच्या दोन कप्प्यांत बारा-बारा उभी केली, आणि फ्रीजवरच्या कागदाखाली दुसरा कागद लावला: टरबूज १२, चिकू १२. वाटप उद्या चार वाजता.

रविवारी चारला सातही पोरं ओट्यावर हजर. मी फ्रीझर उघडून मोजलं. टरबूज बारा. चिकू अकरा. परत मोजलं. अकरा.

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी. सात पोरं, तेवीस गारेगार. एक कमी असल्यानं कुणाचंही काही अडत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

"चिकूचं एक कमी आहे," मी म्हणालो.

"मांजरानं खाल्लं असंल," एक जण म्हणाला.

"मांजर फ्रीज उघडतं व्हय रं? आन् काडी धरून खातं का तुझ्यासारखं?"

सगळी हसली. मीही हसलो. मग म्हणालो, "कुणी घेतलं असेल तर सांगा. मी रागावणार नाही."

सगळी एकमेकांची तोंडं बघायला लागली. आतून बायको म्हणाली, "अहो, सगळ्यांना पुरून उरतंय ना? एका गारेगारानं काय आभाळ कोसळलंय?"

"कोसळलं नाही. पण बारा म्हणजे बारा."

"मग आता पंचनामा करा."

पोरं पुन्हा हसली, आणि आता ती मला हसत होती. ते मला लागलं असावं. मी देवळाच्या दिशेला हनुवटी केली आणि म्हणालो, "बरं, नका सांगू. या गावात मला विचारायची गरज नाही. घेणाऱ्याचं तो बघून घेईल."

हे वाक्य आमच्याकडे कुणीही बोलतं. चप्पल सापडली नाही तरी बोलतं, पत्त्यात कुणी पान लपवलं तरी बोलतं. निम्म्या वेळा ते गमतीनंच असतं. मोठ्या माणसाला ते कळतं. पण या गावातल्या पोरांनी चालायला लागल्यापासून एक गोष्ट ऐकलेली असते: इथं ज्यानं चोरी केली त्याला दिसेनासं होतं, तो रात्रभर गावात फिरत राहतो आणि बाहेर जायचा रस्ता त्याला सापडत नाही. शेजारच्या मुलीनं तर ती दुकानात बसल्या बसल्या कितीदा तरी ऐकलेली. गिऱ्हाईक विचारतं, खरंच का हो इथं कुणी चोरी करत नाही, आणि तिची आई तेल मोजता मोजता तेच सांगते.

मी वाटप केलं. सगळ्यांना टरबुजाचं दिलं, चिकूची उद्यासाठी ठेवली. शेजारच्या मुलीनं हात पुढे केला, घेतलं, खाल्लं. बाकीच्यांची खाऊन झाली तरी तिचं चालू होतं आणि लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मी म्हणालो, "अगं, पाघळतंय, लवकर खा." तिनं लगेच उरलेलं तोंडात कोंबलं. चूळ भरली आणि गेली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. मी माझ्या मुलीला विचारलं.

"ती म्हणते डोळे दुखतात."

"उन्हाचं असेल," मी म्हणालो. तिच्या वाटची दोन गारेगार मी बाजूला ठेवली आणि तसं कागदावर लिहिलंही.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिची आई आली. दुकान सोडून या वेळी ती कधी येत नाही.

"भाऊजी, केंद्रावरून आलात का? जरा बघता का पोरीकडं. तीन दिस झाले, धड जेवत न्हाई. डोळ्याला दिसत न्हाई म्हनती. दुधाच्या घड्या ठिवल्या, गुलाबपानी घातलं. दुकानात चल म्हनलं तर देवळाच्या रस्त्याला पाय टाकंना. कुनाची नजर लागली का काय."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी सगळं कळलं असं म्हणता येणार नाही, पण मी चप्पल न घालताच निघालो.

ती त्यांच्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावरून आईची ओढणी घेऊन. मी समोर फरशीवर बसलो.

"काय झालं गं बाई?"

"काका, मला लांबचं दिसंना."

"कधीपासून?"

"तुमी म्हनला तवापासून."

मग तिनं सांगितलं. विचारायची वेळही आणली नाही, जणू कुणी विचारायचीच ती वाट बघत होती. रविवारी सकाळी ती आमच्याकडे आली होती. काकू मागच्या अंगणात धुणं धूत होत्या. तिनं फ्रीज उघडला, चिकूचं एक काढलं आणि आमच्याच ओट्यावर बसून खाल्लं. रस्त्यानं माणसं जात होती. काडी तिथंच डब्यात टाकली.

"तुमीच म्हनला हुता ना, तुझं ठिवतो."

मला आठवलं. मी तसंच म्हणालो होतो. पातेल्याबद्दल म्हणालो होतो, पण तिला ते कसं कळणार, आणि पातेल्यातलंही मी ठेवलं नव्हतंच.

"मग ते तुझंच होतं," मी म्हणालो. "तू काही चोरलं नाहीस. माझी मोजणी चुकली."

"न्हाई काका. तुमची मोजनी कशी चुकंल?"

हे तिनं अगदी सरळपणे म्हटलं. मग हिशेब मांडल्यासारखं पुढे म्हणाली, "एक माझं हुतं, काका. पन चार वाजता मी आजून एक खाल्लं. दिवसाला एकच खायचं आसतं. मग दुसरं कुनाचं?"

मी म्हणू शकत होतो की दुसरं मी दिलं. म्हणालोही. तिनं मान हलवली नाही. तिला कळत होतं की मी दिलं तेव्हा मला पहिलं माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही हे तिला माहीत होतं. हिशेब तिचा बरोबर होता. नियम माझा होता, कागद माझा होता, आणि त्या नियमानं ती दोषी ठरत होती. हातात आलेलं गारेगार सगळ्यांसमोर नाकारायचं कसं, हे काही त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तिची आई चौकटीत उभी राहून ऐकत होती.

"एका कांडीसाठी, भाऊजी?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमची लेक शाळेतून येताना आमच्या दुकानातनं रोज मूठभर फुटाने उचलती. मी कधी मोजले का?"

ती आत येऊन मुलीशेजारी बसली.

"मोजले आसते, तर तिलाबी आसंच सांगायचं हुतं का मी? तो बघून घेईल म्हनून?"

"वहिनी, माझं चुकलं."

"माझ्यापुढं कशाला म्हनता? तिच्यापुढं म्हना."

मी तिच्यापुढं म्हणालो. मुलीनं ओढणीतून माझ्याकडे पाहिलं. मोठा माणूस चुकलं म्हणतोय याचीच तिला भीती वाटली असावी, कारण ती रडायला लागली.

मला अजून वाटत होतं की हे सगळं भीतीचं आहे. तिचं मन वळवलं की डोळे ठीक होतील. म्हणून तिला ओट्यावर आणलं, तिच्याशी खेळल्यासारखं केलं. ही बोटं किती? तीन. बरोबर. ती शेळी कुठल्या रंगाची? काळी. बरोबर. समोरच्या किराणा दुकानाची पाटी वाच बघू. ती पाटीकडे बघत राहिली. डोळे बारीक केले.

"पांढरंय काहीतरी."

अक्षरं हातभर उंचीची होती. मग मात्र मी खेळ थांबवला.

गुरुवारी केंद्रावर सुट्टी टाकून मी मोटरसायकल काढली. नेवाशाला डोळ्यांचे डॉक्टर बसतात. मधे मुलगी, मागे तिची आई. मुलीनं माझ्या पाठीत तोंड खुपसलं होतं. देवळाकडचा रस्ता ओलांडला, शेतं लागली, तरी तिनं मान वर केली नाही. घोडेगावच्या फाट्यावर ट्रकसाठी थांबलो तेव्हा माझ्या पाठीतूनच आवाज आला.

"गाव संपलं?"

"कवाच," आई म्हणाली. "बघ की. बाहेर पडलीस ना? सापडला ना रस्ता?"

तिनं तोंड पाठीतून काढलंच नाही. मग म्हणाली, "गाडी काका चालवत्यात. काकांना सापडला."

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून एकेका डोळ्यापुढे भिंगं बदलली. मी तिथंच उभा होतो. अक्षरं खालच्या ओळीपर्यंत वाचायला लागली तेव्हा कुठं मी बाकावर टेकलो. उजव्याला सव्वादोन, डाव्याला पावणेदोन, लांबचा नंबर. डॉक्टर म्हणाले, हे काही कालपरवाचं नाही, दोनेक वर्षं तरी असेल. शाळेत फळ्यावरचं लिहून घेते का? आई म्हणाली, शेजारणीच्या वहीतून घेती. टीव्ही किती जवळ बसून बघते? लई जवळ.

मी तिला दर शनिवारी जवळून बघत होतो. चिकूची बी काढताना ती नाक फळाला लागेल इतकी वाकायची. ते मी मन लावून काम करणं समजत होतो. बाकीच्या पोरांना सांगायचोही, हिच्याकडून शिका.

माझ्या दृष्टीनं प्रश्न तिथं मिटायला हवा होता. नंबर दोन वर्षांपूर्वीचा, गारेगार चार दिवसांपूर्वीचं. याहून स्वच्छ पुरावा काय असतो? मी तिला बाकावर बसवून समजावून सांगितलं. दोन वर्षं आधी. तेव्हा आपण गारेगार करत तरी होतो का?

"न्हाई."

"मग?"

ती बोटं मोजत होती. "काका, पन आधी मला वाटायचं सगळ्यांनाच आसं दिसतं. आता कळलं." मग माझ्या कानाशी येऊन, आईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "थोडंच घेतलं हुतं म्हनून डोळेबी थोडेच गेले का?"

डॉक्टरांना हे ऐकू गेलं. ते हसले आणि म्हणाले, अगं, मलाही चष्मा आहे, मी काय चोर आहे का? वर्गातल्या कितीतरी मुलांना लागतो. ती त्यांच्याकडे बघून हसली. पाहुण्यांनी विनोद केला की मुलं हसतात तसं.

घराशी उतरल्यावर तिची आई म्हणाली, "चष्म्याचं आमचं आमी बघायचं हुतं. तुमच्यामुळं कळलं तरी. पन भाऊजी, तुमच्यामुळं कळलं म्हनून मी तुमचे उपकार मानू, का काय मानू, मला समजंना." मलाही समजत नव्हतं. अजूनही नाही.

चष्मा पाचव्या दिवशी आला. निळ्या काड्यांचा. तो लावून ती आमच्या ओट्यासमोर उभी राहिली आणि कडुलिंबाकडे बघत म्हणाली, "काका, एकेक पान सुटं हाय!" तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मी आत जाऊन बायकोला म्हणालो, झालं, सुटलो.

बायको म्हणाली, "ती बाहेर का उभी आहे?"

ती चौकटीच्या बाहेर उभी होती. दोन्ही पाय ओट्यावर, उंबऱ्याच्या अलीकडे. मी आत ये म्हटल्यावर आत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच थांबली आणि म्हणाली, "काका, येऊ का?" आमच्या गावात हे कुणी विचारत नाही. जन्मात मी हा प्रश्न फक्त बाहेरगावच्या माणसाच्या तोंडून ऐकला होता. पाणी हवं असलं तरी ती माठाजवळ उभी राहून विचारायची. फ्रीजच्या बाजूनं जाताना हात मागे बांधून जायची.

मी माझ्या परीनं खटपट केली. फ्रीजवरचे दोन्ही कागद काढले. पुढच्या शनिवारी खरबूज आणि द्राक्षं आणली, गारेगार केली आणि जाहीर केलं की आता मोजायचं नाही, ज्याला हवं त्यानं हवं तेव्हा घ्यावं. परिणाम असा झाला की रविवारी दुपारपर्यंत सगळी संपली, दोघांची पोटं बिघडली, आणि माझ्या मुलीनं तीन खाल्ली ती चूळ न भरता. बायको म्हणाली, "मोजा बाबा तुमचं तुम्ही." शेजारच्या मुलीनं एकही घेतलं नव्हतं. मला ते मोजल्याशिवाय कळलं, हीसुद्धा एक गंमतच.

तिच्या हातात दिलं की ती खायची. हातात दिल्याशिवाय नाही. आणि खाऊन झालं की सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "मी एक खाल्लं, काका." दर वेळी. बाकीची पोरं तिला चिडवायची. "मोजा, काका, मोजा, चष्मिस एक खाल्लं म्हनती!" मी त्यांना दरडावलं की ती आणखी ओशाळायची. मग दरडावणंही सोडलं.

मे महिना संपत आला तेव्हा एका दुपारी ती उंबऱ्याशी आली. मी एकटाच होतो, आंब्याच्या फोडी करत होतो.

"काका, येऊ का?"

"ये की गं."

आत येऊन तिनं मूठ पुढे केली. मुठीत पाच रुपयांचं नाणं होतं, घामानं ओलं.

"हे काय?"

"त्या दिवशीच्या दुसऱ्याचे. गाडीवर पाचला मिळतं. आईचे न्हाईत, मामानं मला खाऊला दिले हुते."

मी सुरी खाली ठेवली. म्हणालो, मी काय दुकान टाकलंय का? पोरांकडून पैसे घेतो का मी कधी? ठेव ते, पेन्सिल घे. ती हलेना. मी म्हणालो, तू किती चिकू सोललेस, त्याची मजुरी लावली तर मीच तुझं देणं लागतो. यावर तिनं विचार केला आणि म्हणाली, "चिकू सगळ्यांनीच सोललेत कधी ना कधी."

नाणं घेतलं असतं तर तिनं चोरी केली होती असं मी मान्य केल्यासारखं होणार होतं. नाही घ्यावं तर ती ते मुठीत धरून घरी जाणार, आणि उद्या पुन्हा उंबऱ्याबाहेर. दोन्हींपैकी कुठलं बरोबर ते मला ठरवता येईना. आयुष्यात दुधाच्या मापाबद्दल मला कधी असा पेच पडला नव्हता. तिचा हात तसाच पुढे होता.

"घेतले तर परत न विचारता आत येशील का?" मी विचारलं.

"बघंन," ती म्हणाली.

ती आता सातवीत जाईल. आत येते कधी कधी सरळ. कधी थांबते. मी मोजत नाही, पण लक्षात राहतं.

डॉक्टरांची फी तीनशे रुपये झाली, ती वहिनींनी दिली. माझी नोट त्यांनी परत माझ्या खिशात घातली. चष्म्याचे साडेनऊशे मी नेवाशाच्या चष्मेवाल्याला दिले, त्याला वहिनींनी हरकत घेतली नाही. आणि त्या दुपारी शेजारच्या मुलीनं मला पाच रुपये दिले. ते मी घेतले.